मोरेल साहेबाची बाटली

हॅलो?... हॅलो, नागपूर? फादरचा बंगला?... कांताताई, तूच व्हय काय? मी धोंडबा. भिलाईवरून, गेस्ट हाऊसमधून... नाही नाही, घरी सगळे बरे आहेत. आईक, ट्रंक कॉल आहे, तीनच मिनिटं भेटते.

तू फादरच्या टेबलावर ती फ्रान्सची लाल दारू वाढते ना... हो, तीच, वाईन. कशी वाढतेत, मले आत्ताच्या आत्ता सांग.

अवं, मोरेल साहेब नव्हता का, कारखान्याच्या दुसऱ्या भट्टीच्या वक्ती, रशियन लोकायत एकटा फ्रान्सवाला, मशीन बसवायले आलता... हो, माझ्या हातचं जेवे तो. जातानी एक बाटली देऊन गेला. तोडक्या हिंदीत म्हणे, धोंडबा, चार वर्षं ठेव, जुनी झाली का चांगली होते, मी आलो का उघडू... आता कुठून येते तो? तिकडंच वारला, हापिसात समजलं. त्याची बायको आली आहे, ताई. बाहेर टेबलाशी बसली आहे. खुणेनं बाटली मांगून राहिली.

हो, आडवीच ठेवलती. माठाखाली, ओल्या रेतीत. रोज पाणी मारे मी... पण मांगच्या उन्हाळ्यात पोरीच्या लग्नाले गावी गेलो, महिनाभर. रेती वाळून गेली... कावून सांगून नाही गेलो कोणाले? विसरलो. काय सांगू तुले.

आता बूच वर सरकलं आहे. बाजूनं लाल ओघळ आला... नाही, बर्फ नाही लावला... ओल्या फडक्यात? बरं... कालपासून उभी पायजे होती? अवं, ती आजच आली, न सांगता... हो, हो, हळूहळू ओततो. मांगं मेणबत्ती धरतो, गाळ दिसला का थांबतो... मटन केलं आहे, बिनमिरचीचं. चालते ना?

हो ऑपरेटर, अजून तीन मिनिटं द्या... थांब ताई, बूच काढतो. फोन खांद्यात दाबला आहे... तुटलं, ताई. अर्धं अंदर पडलं... मलमलीतून गाळू? बरं... वास घेतो.

ताई... आंबट येऊन राहिला. सिरक्यावानी... नाही, दोनदा घेतला वास. थोडी साखर टाकू काय?... रागावू नको ना. मंग काय करू मी? अशी दुसरी बाटली इथं कुठून आणू? त्या माणसानं भरोशानं देलती मले...

खरं सांगू? कोणत्या तोंडानं? तिची भाषा बी मले येत नाही... फादर आहेत तिथं? ते बी फ्रान्सचेच ना, त्यायले फोन दे मंग. मी मॅडमले बोलावतो... म्याडम, प्लीज. इधर. फोन...

...

हॅलो? ताई?... हो, बोलली ती. रडली बी. फादरनं सांगितलं तिले, बाटली खराब झाली म्हणून?... मंग?... साहेबानं तिले चिठ्ठीत लिहिलतं? माझं नाव?... पुन्हा सांग, लाइन खरखर करून राहिली... आम्ही दोघं पिणार होतो? साहेब आन् मी, एका टेबलावर?... मले वाटे, मी नुसती सांभाळून राहिलो.

ताई, तिनं बाटली टेबलावर नेली, दोन गिलास भरले. एक घोट घेतला... तोंड वाकडं केलं, पण गिलास खाली नाही ठेवला. मले खुर्ची दाखवून राहिली... सहा वर्षं झाली इथं वाढतो, त्या टेबलाशी कधी बसलो नाही मी... हो... हो, पितो. आंबट तर आंबट.

नाही ऑपरेटर, अजून तीन मिनिटं नको. ठेवतो, ताई. ती थांबली आहे माझ्यासाठी.