कोरगावात मी हसून दाखवलं

भीतीच्या सिनेमाला चल म्हटलं की मी टाळतो, त्याचं कारण आज सांगून टाकतो.

गोवा घटकराज्य झालं त्या सुमारास मी डिचोलीहून कोरगावच्या शाळेत मास्तर म्हणून नुकताच गेलेलो. तिथे सिनेमावाले आले. पोर्तुगीज काळात त्याच गावातल्या एका बाईने नवऱ्याचा कोयत्याने खून केला होता, त्यावर त्यांना सिनेमा काढायचा होता. गावातलं कोणी तोंड उघडेना. मला काडीची माहिती नव्हती, तरी मी पुढे झालो आणि ठोकून दिलं, "खून केल्यावर ती प्रेताशेजारी बसून हसत होती."

दिग्दर्शक खूश.

नटीला जुनं लुगडं हवं होतं, ते मी शेजारच्या काकींकडे मागितलं. साठीच्या बाई, एकट्या राहायच्या. मागताना सगळी गोष्ट त्यांना रंगवून सांगितली, हसण्यासकट. त्यांनी लुगडं काढून दिलं.

शूटिंगच्या दिवशी काकी माझ्या बाजूला येऊन उभ्या राहिल्या. नटी हसायला लागली तशा हळूच म्हणाल्या, "मास्तर, ती हसूक नाय."

मी वैतागलो. "तुम्हाला काय ठाऊक, काकी?"

"पोरां उपाशी होती," त्या म्हणाल्या, "म्हणान मी चुलीर पेज ठेवली."

मी गर्रकन वळून त्यांच्याकडे पाहिलं. तेवढ्यात दिग्दर्शकाने हाक मारली, "मास्तर, ती कशी हसत होती ते हिला एकदा करून दाखवा."

सगळे माझ्याकडे बघत होते. काकीही.

मी हसून दाखवलं.