सोळा पांढरे

नाही, पण मला सांगा, दाताचा रंग ओळखायला डॉक्टरच लागतो का? माझं म्हणणं एवढंच होतं. तुम्हाला सांगतो, सव्वीस वर्षं मी रंगाच्या दुकानात मशीनवर उभा राहून रंग जुळवतोय. लोक पडद्याचा तुकडा आणतात, उशीचा अभ्रा आणतात, एक बाई तर कपाटाचं दारच उचकटून घेऊन आल्या होत्या, आणि मी नुसता डोळा बारीक करून सांगतो, पिवळा दोन थेंब, काळा अर्धा. मारा भिंतीवर, जुना कुठे संपला नि नवा कुठे सुरू झाला, दाखवा शोधून. आणि ती डॉक्टरबाई, माझ्या मुलीच्या वयाची, मला म्हणते, "काका, शेड मी बघते. तुम्ही फक्त तोंड उघडा."

दात कसा गेला ते विचारू नका... बरं, सांगतो. घरी खिडकी रंगवायला काढली होती, थिनरच्या डब्याचं झाकण दाताने उघडायला गेलो. झाकण होतं तिथेच, अर्धा दात आला हातात. वरचा, समोरचा, अगदी दर्शनी. आणि ही, म्हणजे आमची बायको, पक्कड पुढे धरून म्हणते कशी, "ही खिळ्यालाच होती हो." बस, एवढंच. पुढे चार दिवस मी बोललो नाही, आणि बोललो असतो तरी नुसती हवाच गेली असती.

तर डॉक्टरबाई म्हणाल्या, राहिलेला दात तासून त्यावर कॅप बसवू. आत धातू नि वर सिरॅमिक अशीही मिळते, पण समोरच्या दाताला ती नको, हिरडीपाशी काळसर छटा दिसते, पूर्ण सिरॅमिकचीच करू. मी म्हटलं, हे मला सांगता? काळ्या प्रायमरवर पांढरा मारला तर करडाच दिसणार. इथपर्यंत आमचं छान जमलं होतं.

मग त्यांनी पट्टी काढली. आमच्या शेडकार्डासारखीच, पण दातांची. सोळा दात ओळीने, प्रत्येकाला दांडी. सोळा पांढरे! त्यांना नावंसुद्धा नाहीत हो, नुसते नंबर. ए-दोन, ए-तीन, ए-साडेतीन. साडेतीन हा काय दाताचा नंबर झाला? बाईंनी एक माझ्या दाताशी धरला, चटकन काहीतरी लिहिलं, आणि त्यांना बाहेरून हाक आली म्हणून गेल्या.

आता इथे माझा अनुभव आडवा आला. आमच्या धंद्यात पहिला नियम काय? ओला रंग खोटा, वाळल्यावर खरा. आणि ह्या बाईंनी थुंकीने ओल्या दाताची शेड घेतली होती. मी काय केलं, दोन्ही हातांनी ओठ फाकवले आणि पंख्याखाली बसलो. पंधरा मिनिटं. बाई आल्या आणि घाबरल्या. "काका, दुखतंय का?" मी म्हटलं, "आआआ." म्हणजे, वाळवतोय.

त्यांनी किती समजावलं! "अहो, दाताचं उलटं असतं. वाळला की उगाच पांढरा दिसतो, म्हणून ओला असतानाच बघायचा." पण ऐकेल तो मी कसला? सव्वीस वर्षं रंग जुळवतोय. मी पट्टीतला ए-दोन काढला, आरशात धरला, तंतोतंत. बाईंनी सुस्कारा टाकला. "ठीक आहे. दात तुमचा."

आठ दिवसांनी कॅप आली. तासभर तोंड उघडं ठेवून बसवली, आरसा दिला... काय सांगू, सख्खी भावंडं! मी म्हटलं, "बघितलंत? करा पक्की." बाईंनी सिमेंट कालवून कॅप बसवली. मी ताठ मानेने दुकानात गेलो. आणि तासाभरात तोंडात थुंकी फिरली, बाकीचे दात आपल्या मूळ रंगावर आले, आणि हा एकटा, अंधारात दिवा लावल्यासारखा!

मला कसं कळलं? एक आजी आल्या, देवघराला पांढरा हवा म्हणाल्या. मी कार्ड पसरलं. त्या कार्डाकडे बघेनातच. माझ्या तोंडाकडे बघतायत. म्हणाल्या, "असा दे. तो नाही रे, तो पिवळा झालाय. हा, मधला." आणि वर विचारतात, "बाकीचे कधी रंगवणार?"

माझ्या पायाखालची जमीन सरकली. हसण्यावारी नेऊ नका, आमचं दुकान चालतं ते माझ्या डोळ्यावर. ज्याला स्वतःच्या तोंडातला रंग जुळला नाही, त्याच्याकडे भिंत घेऊन कोण येणार? दोन दिवस तोंडावर हात धरून बोललो. सव्वीस वर्षं रंग जुळवतोय, आणि गिऱ्हाईक विचारतंय, दाढ दुखते का! आणि सिरॅमिक म्हणजे बोलायची सोय नाही, एकदा पक्कं बसलं की कापूनच काढायचं. मला रात्रंदिवस त्या दात तासायच्या मशीनचा आवाज ऐकू यायला लागला.

शेवटी गेलो, खाली मान घालून. बाईंनी एक चिमटा लावला, टक, कॅप हातात! मी बघतच राहिलो. "पक्की केलीच नव्हती, काका. तात्पुरतं सिमेंट होतं. मला माहीत होतं तुम्ही येणार." रडू आलं हो मला, खरंच. आणि त्यांनी बोलावलेले, कॅप बनवणारे लॅबवाले काका, सत्तरीचे, जाड भिंगाचा चष्मा, म्हणाले, "फिकट निवडलंत तेच बरं केलंत. गडद करता येतं, गडदाचं फिकट होत नाही." अरे, हे तर आमचंच! मग त्यांनी मला ओठ मिटून बसायला लावलं, दात ओले झाल्यावर बघितलं, आणि तीन केसांच्या ब्रशने कॅपवर एक पिवळसर छटा दिली, कडेला चहाचा डाग दिला, एक बारीक भेगसुद्धा काढली. भट्टीत घातली, आणून बसवली. तुम्हीच बघा... ओळखा कुठला. नाही, तो माझा. नाही, तोही माझाच.

सुटलो म्हटलं! नमस्कार करून निघालो, तर डॉक्टरबाई म्हणतात, "एक लक्षात ठेवा. सिरॅमिकचा रंग आता बदलणार नाही, बाकीच्या दातांचा बदलेल. चहा वाढवू नका, आणि एकदम सोडूही नका." ही सोबत आलेली, शेजारीच उभी होती. आता मला पित्त झालेलं असो, झोप आलेली असो, सकाळ-संध्याकाळ कप समोर येतो. नको म्हटलं तर म्हणते, "तुम्हाला कोण विचारतंय? दातासाठी केलाय."

पितो मुकाट्याने.