म्हात्रेकाकांनी मागितलेला फोन

आमच्या जूचंद्रच्या गोदामातल्या म्हात्रे सुपरवायझरनी ड्रायव्हरला कसं वठणीवर आणलं, ते सांगितलं नाही का तुम्हाला? माल भरेपर्यंत ट्रकची चावी काकांकडे द्यायची, असा नियम. एका ड्रायव्हरनं ती दिली आणि माल भरत असतानाच खिशातल्या दुसऱ्या चावीनं गाडी पुढे काढली. खोकं घेऊन ट्रकच्या दारात उभा असलेला आमचा हमाल गणपत खाली पडता पडता वाचला.

पुढच्या खेपेला काका त्या ड्रायव्हरला म्हणाले, "चावी नको. फोन दे."

"बायकोचा फोन येईल, काका."

"मी बोलन."

तेवढ्यात वाजलाच. काकांनी उचलला. "हां ताई, इथंच हाय. मागच्या वेळेला मानूस मारत होता, म्हनून फोन ठेवून घेतलाय."

पलीकडचा चढलेला आवाज ऐकून त्यांनी फोन पुढे केला. "घे, तुलाच बोलवतात."

ड्रायव्हरनं दोन्ही चाव्या काकांच्या हातावर ठेवल्या. "काका, सांगा, मी झोपलोय."