एकही कॅचर उरला नाही

बेसबॉलच्या सामन्याला सुगिएबाईंच्या मागे बसलेला टकल्या दुपारपासून ओरडत होता, आणि आता बरोबर उलटं ओरडू लागला होता.

"या मॅनेजरला अक्कल आहे का? आठव्या डावात चांगला कॅचर काढून फटकेबाज आणला! आता बदली कॅचरचा घोटा मुरगळला. काढलेला परत आणता येत नाही, आणि बाकावर एकही कॅचर नाही."

"मग बॅटवाल्याच्या मागे बसून चेंडू झेलणार कोण?" त्याच्या शेजाऱ्याने विचारलं.

"तिसऱ्या बेसवरचा कुसाकाबे. शाळेत असताना कॅचर म्हणून बसायचा म्हणे."

"अहो, त्याचं बोट गेल्याच वर्षी मोडलं होतं ना? आणि आपला पिचर तर फेकताना चेंडू जमिनीत घालतो."

"आपण एकाच धावेने पुढे, आणि त्यांचा धावपटू तिसऱ्या बेसवर. एक चेंडू निसटला की बरोबरी. बोटावर बसला, की कुसाकाबे कायमचा घरी."

सुगिएबाईंनी मांडीवरचा जेवणाचा डबा बाजूला ठेवला. खाली त्यांचा लेक कुसाकाबे दुसऱ्याच्या मापाचा कॅचरचा मुखवटा चढवत होता. त्या गर्रकन मागे वळल्या.

"आठव्या डावात प्लास्टिकच्या बॅटी बडवत 'कॅचर काढा, कॅचर काढा' म्हणून कोण बोंबलत होतं? तुम्हीच ना? आता गप्प बसायचं. माझ्या लेकाचं बोट मोडलं, तर त्याला घास भरवायला तुम्हालाच बसवीन."