गेटपासचा खिसा

पोरीच्या हाती सुई देत असाल, तं आधी माझं आयका. भिलाईचा कारखाना उभा होऊन राहिला होता तवाची गोष्ट. पाच वर्षांच्या कुंदीले मी चिंध्यांची बाहुली शिवाले शिकवलं होतं. तिच्या बाबाचा गेटपास सदा खिशातून पडे. मी वैतागून म्हटलं, "एकदा खिसाच शिवून टाकते."

कुंदीनं ते मनावर घेतलं.

सकाळी गेटवर शिपाई म्हणे, "पास दिखाओ." पास खिशात, अन् खिसा वरून पक्का शिवलेला. टाके उसवता उसवता भोंगा झाला, अर्ध्या दिवसाची हजेरी गेली.

घरी येऊन हे माह्यावर डाफरले, "तिले सुई कावून देली?"

मी इचारलं, "पास पडला का?"

यांनी दुसऱ्या खिशातून बिडी काढून पेटवली.

मंग मी कुंदीले दुसरा खिसा दाखवला. "आता हा शिव बाई. याच्यात बाबाच्या बिड्या आहेत."