खिडकीखालच्या फेऱ्या

हाडांच्या डॉक्टरांकडे नंबर लागायचा होता. समोरच्या बाकावर कानटोपीतले एक काका गुडघा चोळत बसले होते, आणि शेजारच्या, हाताला प्लास्टर घातलेल्या बाई त्यांना सोडायला तयार नव्हत्या.

“एवढ्या थंडीत धावता? या वयात?”

“रोज सकाळी. बिल्डिंगभोवतीच.”

“डॉक्टर ओरडत नाहीत?”

“ओरडतात ना. थंडी ओसरेपर्यंत घरात बसा म्हणतात. आज परत ओरडतील.”

“मग बसावं की हो! कुणी बक्षीस देणार आहे का?”

“धावायची खरं तर आमची ही. मी आपला पांघरुणात. मग ती विसरायला लागली, घरचा रस्ता चुकायला लागली. शेवटी मीच तिचं बाहेर जाणं बंद केलं.”

“अरेरे.”

“खूप रडली. म्हणाली, मग तुम्ही धावा, मी खिडकीतून बघते. तेव्हापासून धावतोय. खिडकीखाली आलो की मी टोपी काढून हलवायची, तिनं काचेवर टकटक करायची. ठरलंय आमचं.”

“अगं बाई, किती गोड!”

“कसलं गोड! डोकं गारठतं नुसतं.”

“अजून करतात टकटक?”

“काल नाही केली. सांभाळायला येणाऱ्या मावशींना विचारत होती, हा माणूस रोज टोपी काढून काय मागतो हो? एवढ्या थंडीत धावतोय बिचारा. याला घरी कुणी नाही का?”

“...मग आज नाही ना गेलात?”

“गेलो. फक्त टोपी नाही काढली.”