काकूपुढे आ

दातांच्या दवाखान्यात माझ्या शेजारी दोघी जावा बसल्या होत्या. थोरलीची चिमुरडी तपासून झाली होती आणि धाकटीच्या मांडीवर पेंगत होती.

"एकही दात किडलेला नाही म्हणाले डॉक्टर. मग तोंड का पाडलंय, वहिनी?"

"कौतुक तुझं झालं ना! मी ब्रश धरला की कार्टी ओठ घट्ट मिटते. काकूपुढे मात्र लगेच आ! काय जादू केलीस?"

"आधी मी तिला माझे दात घासू देते."

"शी!"

"हिरड्या सोलून काढते हो माझ्या."

"आजपासून माझ्या सोलू दे. आई मी आहे तिची."

"आहातच की. जेवण तुमच्या हातचं, आंघोळ तुमच्या हातची, झोपायलाही तुमचीच कूस. दात तेवढे राहू द्या ना माझ्याकडे."